व्हिएतनामशी करार जरूर करा, पण आधी वॉर्डात एक ड्युटी काढा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून एक फोटो येतो, फोटो नेहमी तोच असतो फक्त माणसं बदलतात, कुठल्यातरी शिक्षणसंस्थेचे चेअरमन, शेजारी परदेशी पाहुणे, टेबलावर दोन छोटे झेंडे, निळी नाहीतर लाल मखमली फाईल, आणि खाली ओळ की नर्सिंग व आरोग्य शिक्षणासाठी अमुक देशाशी सामंजस्य करार. हल्ली या अमुक देशात व्हिएतनामचा नंबर बराच लागतोय. मी नर्सिंग ट्यूटर आहे, त्याआधी बरीच वर्षं सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते, आणि अशाच एका शिष्टमंडळाबरोबर व्हिएतनामला जाऊन आले. तिथे जे बघितलं ते बातमीत येत नाही म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण दुभाषाचा भाग कापू नका.

शिष्टमंडळात कोण होतं ते आधी सांगते. ट्रस्टी होते, ॲडमिशनचं बघणारे एक सर होते, एक आर्किटेक्ट होते (का ते मला शेवटपर्यंत कळलं नाही), एक ट्रॅव्हलवाले, आणि वॉर्डात कधीतरी बेडपॅन उचललेली अशी मी एकटीच. तिथल्या प्रत्येक कॉलेजात आमच्याकडून प्रश्न ठरलेले, हॉस्टेलमध्ये बेड किती, फी किती, सीट किती वाढवू शकता, ट्विनिंग प्रोग्रॅम (थोडं शिक्षण इथे, थोडं तिथे) करता येईल का. एका विद्यार्थिनीच्या वाट्याला किती पेशंट येतात, प्रॅक्टिकलला तिच्या मागे कोण उभं असतं, चुकलं तर कोण धरतं, हे कोणी विचारेना. मी विचारलं तर आमच्यातलेच एक जण हळूच म्हणाले मॅडम ते डिटेल नंतर बघू. अहो नर्सिंग शिक्षण म्हणजे तेवढंच डिटेल आहे, बाकी सगळी बिल्डिंग आहे.

आता व्हिएतनामच का, हा प्रश्न मलाही जायच्या आधी पडला होता. जर्मनी म्हटलं तर समजतं, जपान समजतं, तिथे आपल्या मुलींना नोकऱ्या आहेत. व्हिएतनाममध्ये तर नर्सला पगार आपल्यासारखाच. जुलै २०२४ चा सरकारी हिशोब असा आहे की मूळ वेतनाचा आकडा २३ लाख ४० हजार डोंग (तिथलं चलन), त्याला पदाप्रमाणे गुणांक, पदवीधर नर्सला सुरुवातीला २.३४, म्हणजे साधारण ५४ लाख ७५ हजार डोंग होतात. ऐकायला लाखात आहे पण आपल्या रुपयात ते अठरा हजारांच्या आसपास येतं, वर भत्ते वेगळे. (आपल्याकडच्या छोट्या खाजगी हॉस्पिटलात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या मुलीला तेवढेही मिळत नाहीत हे खरं असलं तरी तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.) कोविडच्या काळात तिथेही सरकारी नोकरी सोडून जाणाऱ्यांची रांग लागली होती, २०२१ आणि २०२२ चे पहिले सहा महिने मिळून नऊ हजारांवर आरोग्य कर्मचारी सरकारी नोकरीतून बाहेर पडले. तर नोकरीसाठी तिकडे जायचं नाहीये. जायचं ते शिकायला, आणि शिकवायला. कारण हा देश आपल्याच इयत्तेत बसलेला आहे, त्यांचे पेपर आपल्यासारखेच अवघड आहेत आणि काही पेपरांत त्यांना आपल्यापेक्षा जास्त मार्क पडलेत.

पहिला पेपर म्हणजे नर्सची शैक्षणिक पातळी. त्यांच्याकडे तीन पायऱ्या होत्या, दोन वर्षांचा मधला कोर्स, तीन वर्षांचा कॉलेजचा, आणि चार वर्षांची पदवी. बहुतेक वॉर्ड दोन वर्षंवाल्यांच्याच जिवावर चालायचे. २०१५ मध्ये सरकारने ठरवलं की हा दोन वर्षांचा प्रकार बंद, सरकारी दवाखान्यात किमान तीन वर्षं शिकलेलीच नर्स हवी, ज्या आधीपासून नोकरीत आहेत त्यांनी मुदतीत पुढचं शिक्षण पुरं करायचं. आणि नुसतं परिपत्रक काढून गप्प बसले नाहीत. मी ज्या वॉर्डात गेले तिथली एक सिस्टर चाळिशी पार केलेली, दोन मुलांची आई, नोकरी करून शनिवार-रविवार कॉलेजला जाऊन वरची पायरी चढलेली होती. तिने मला तिची वही दाखवली, प्रत्येक पानावर तारीख आणि समासात पेशंटच्या खाटेचा नंबर, म्हणजे जे वर्गात शिकली ते कोणत्या पेशंटवर बघितलं तेही लिहिलेलं. आपल्याकडे एएनएम ताई, म्हणजे गावच्या उपकेंद्रातल्या नर्स, वीस-वीस वर्षं उपकेंद्र एकटीच्या खांद्यावर ओढतात, त्यांना नोकरी न सोडता पुढे शिकायचा सरळ रस्ता कुठे आहे सांगा. मला तर ती वही झेरॉक्स करून मंत्रालयात पाठवावीशी वाटली.

राजधानी हनोईच्या दक्षिणेला नाम दिन्ह म्हणून गाव आहे, तिथे फक्त नर्सिंगसाठीचं विद्यापीठ आहे, २००४ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला, व्हिएतनाममधलं तसं ते पहिलंच. मेडिकल कॉलेजच्या मागच्या इमारतीत एक मजला दिलाय म्हणून नर्सिंग कॉलेज, तसं नाही, मुळात नर्सिंगसाठीच उभं केलेलं विद्यापीठ. आमच्या ब्रोशरमध्ये नाम दिन्ह प्रांत असं छापलं होतं आणि तो प्रांतच आता उरलेला नाही, १ जुलै २०२५ पासून त्यांनी ६३ प्रांतांचे ३४ केले, जिल्हा हा मधला थरच काढून टाकला आणि नाम दिन्ह आता निन्ह बिन्ह प्रांतात गेलंय. आमचे लोक जुने नकाशे घेऊन फिरत होते. हे सांगायचं कारण टिंगल करायची म्हणून नाही, तर करारावर समोरून सही कोण करणार हे या बदलांनंतर नीट तपासावं लागतं. तीन वर्षांची कॉलेजं आधी त्यांच्या कामगार मंत्रालयाखाली यायची, २०२५ मध्ये ती शिक्षण मंत्रालयाकडे गेली, हॉस्पिटलांचा कारभार आरोग्य खात्याकडे. म्हणजे कॉलेजशी करार केला आणि हॉस्पिटलला विचारलंच नाही तर मुली वर्गात बसून राहतील, वॉर्डात कोणी घेणार नाही.

दुसरा पेपर लायसनचा. योगायोग बघा, दोन्ही देशांनी नर्सबद्दलचा मोठा कायदा २०२३ मध्येच केला. आपला राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा, नर्सिंग कौन्सिलच्या १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. त्यांचा तपासणी व उपचाराचा नवा कायदा, जानेवारी २०२३ मध्ये पास झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू. त्यात असं आहे की नुसतं कॉलेज पास होऊन लायसन मिळणार नाही, राष्ट्रीय पातळीवरची क्षमता परीक्षा द्यावी लागेल, डॉक्टरांना २०२७ पासून आणि नर्स, मिडवाइफना २०२८ पासून. लायसन पाच वर्षांचं, पुढे चालू ठेवायचं तर शिकत राहिल्याचा पुरावा द्यायचा. आता शिकत राहिल्याचे पॉइंट आपल्याकडेही लागतात, आणि ते पॉइंट रविवारच्या कॉन्फरन्सला सकाळी सही करून दुपारी जेवून कसे जमवले जातात हे माझ्या सगळ्या मैत्रिणींना माहिती आहे, त्यामुळे त्यावर मी जास्त बोलत नाही. पण तिथल्या ट्यूटर या परीक्षेमुळे खरोखर घाबरलेल्या आहेत आणि कामाला लागलेल्या आहेत, प्रश्न कसे काढायचे, हाताचं कौशल्य कसं तपासायचं, यावर त्यांना कोणाशी तरी बोलायचंय. आपल्याकडे ऑस्की, म्हणजे टेबलाटेबलावर एकेक कौशल्य करून दाखवायची परीक्षा, घेणाऱ्या चांगल्या ट्यूटर आहेत, वर्षानुवर्षं युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकल परीक्षा घेतलेल्या. हा खरा करार. याला मखमली फाईल लागत नाही, दोन्हीकडच्या चार-चार ट्यूटर आणि एक रिकामी स्किल लॅब (डमीवर सराव करायची खोली) एवढंच लागतं.

आता वॉर्डाबद्दल. हनोईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आम्हाला नेलं. आमच्या मंडळींनी कॉन्फरन्स रूममध्ये प्रेझेंटेशन बघितलं, चहा घेतला, मी मेट्रनबाईंना विनंती करून वॉर्डात गेले. आणि अक्षरशः आपल्याच सिव्हिल हॉस्पिटलात आल्यासारखं वाटलं. कॉरिडॉरमध्ये चटया, घडीच्या खाटा, पेशंटमागे एक नातेवाईक ठरलेला, तोच भरवणार, तोच अंग पुसणार, तोच रात्री सलाईनची बाटली संपली म्हणून धावत येणार. सकाळी गेटबाहेर दानशूर लोक फुकट पेज वाटतात, ती घ्यायला नातेवाइकांची रांग. आपण हे सगळं युरोप-अमेरिकेतल्या पाहुण्यांपासून लपवतो, नातेवाइकांना त्या दिवशी बाहेर काढतो. तिथे कोणी लपवलं नाही. उलट २०२१ मध्ये त्यांच्या आरोग्य मंत्रालयाने हॉस्पिटलातल्या नर्सिंगबद्दल एक परिपत्रक काढलंय, त्यात प्रत्येक पेशंटची काळजीची पातळी ठरवायची, पहिली, दुसरी, तिसरी, आणि पातळी एकच्या, म्हणजे गंभीर पेशंटची सगळी काळजी नर्सनेच घ्यायची. म्हणजे नातेवाइकाच्या हातात काय द्यायचं आणि काय अजिबात द्यायचं नाही याची रेघ कागदावर आहे. ती रेघ रोज पाळली जाते असा माझा दावा नाही, नर्स कमी आहेत तिथेही. पण मी बघितलं त्या वॉर्डात विद्यार्थिनींना एक वेगळं काम नेमून दिलं होतं, नातेवाइकाला शिकवायचं. कूस कशी बदलायची, भरवताना मान किती उचलायची, लघवीची पिशवी कमरेच्या खाली का ठेवायची. शिकवून झालं की नातेवाइकाने ते करून दाखवायचं आणि ट्यूटरने बघायचं, मार्क विद्यार्थिनीला.

हे मला इतकं आवडलं की काय सांगू. आपल्या सिलॅबसमध्ये हेल्थ एज्युकेशन आहे की, आहे ना, चार्ट करतात मुली, थर्माकोलवर रंगीत, पोषक आहाराचं झाड वगैरे, परीक्षा झाली की चार्ट कपाटामागे. पण पेशंटच्या सुनेला समोर बसवून तिच्याकडून करवून घेणं आणि त्यावर मुलीला मार्क देणं हे मी माझ्या नोकरीत कधी केलं नव्हतं आणि कोणाला करताना बघितलंही नव्हतं. घरी जाणाऱ्या पेशंटची निम्मी काळजी ती सूनच घेणार असते. परत आल्यावर मी एका बॅचला हे लावून बघितलं, मुलींना आधी लाज वाटली, मग मजा यायला लागली, आणि नातेवाईक भांडायचे कमी झाले हा एक बोनस.

हनोईतल्या बाख माय हॉस्पिटलचं नाव मी आधी फक्त सार्सच्या, म्हणजे श्वसनाच्या त्या जीवघेण्या साथीच्या संदर्भात वाचलं होतं. १९११ पासूनचं हॉस्पिटल, डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बफेकीत त्याच्या इमारती पडल्या, डॉक्टर, नर्स आणि कर्मचारी धरून २८ जण गेले. २००३ मध्ये सार्स आला तेव्हा हनोईतल्या एका खाजगी हॉस्पिटलात आधी साथ पसरली, कर्मचारीच पटापट आजारी पडायला लागले, जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर कार्लो उर्बानी यांनी हे काहीतरी वेगळं आहे म्हणून जगाला सावध केलं आणि महिन्याभरात ते स्वतः त्याच आजाराने गेले. बाख मायमध्ये जे पेशंट हलवले तिथे भारी नेगेटिव्ह प्रेशरच्या (आतली हवा बाहेर पसरू न देणाऱ्या) खोल्या नव्हत्या, मोठ्या खिडक्या उघड्या ठेवल्या, पंखे लावले, मास्क आणि हात धुणं काटेकोर पाळलं, आणि तिथे कर्मचाऱ्यांत साथ पसरली नाही. एकूण ६३ पेशंट, ५ मृत्यू, आणि २८ एप्रिल २००३ ला सार्स आटोक्यात आणणारा जगातला पहिला देश म्हणून व्हिएतनामचं नाव जाहीर झालं. इन्फेक्शन कंट्रोल शिकवताना मी आता अमेरिकन पुस्तकातल्या खोलीचं चित्र दाखवत नाही, हे सांगते, कारण आमच्या मुली ज्या टीबी वॉर्डात पोस्टिंगला जातात तिथे खिडकीच आहे आणि ती पण थंडीत पेशंट बंद करून घेतात.

आता दुभाषा. हा भाग नीट वाचा, कारण यातच निम्मे करार मरणार आहेत. व्हिएतनाममध्ये नर्सिंगच काय पूर्ण मेडिकल त्यांच्याच भाषेत शिकवतात. हनोईचं मेडिकल कॉलेज फ्रेंचांनी १९०२ मध्ये काढलं, अर्थात फ्रेंचमध्ये. १९४५ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केल्यावर नोव्हेंबरातच ते व्हिएतनामी भाषेत सुरू झालं, हो डाक दी हे त्याचे पहिले व्हिएतनामी प्रमुख. पुढच्याच वर्षी फ्रेंचांशी लढाई पेटली तर कॉलेज उचलून उत्तरेच्या जंगलात नेलं आणि १९४७ मध्ये तिथे वर्ग भरवले, तेही व्हिएतनामीतच. आपल्याकडे अजून चर्चाच चालू आहे की मराठीत शिकवलं तर मुलांचं काय होईल, आणि दुसरीकडे मराठी मिडियममधून आलेली हुशार मुलगी पहिल्या वर्षी ॲनाटॉमीचं पुस्तक उघडून रडते, पेशंटशी बोलायला मात्र तीच सगळ्यात उत्तम. मी इंग्रजीच्या विरोधात नाही, परदेशी नोकरीला ते लागतंच, पण समजून घ्यायची भाषा आणि नोकरीची भाषा वेगळी ठेवता येते हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

तर आमच्याबरोबर जो दुभाषा दिला होता तो पर्यटनवाला पोरगा, फार गोड, मंदिरांची माहिती तोंडपाठ, पण कॅथेटर म्हटलं की गप्प. बेडसोरचं त्याने काय सांगितलं देव जाणे, समोरच्या बाई हसायला लागल्या. शेवटी मी आणि तिथल्या एक ट्यूटर स्किल लॅबमध्ये डमीपाशी गेलो, हातमोजे घातले आणि हातानेच बोललो, त्यांनी त्यांची पद्धत करून दाखवली मी आपली, कुठे फरक आहे ते लगेच दिसलं. ती माझ्या अख्ख्या दौऱ्यातली सगळ्यात कामाची वेळ होती आणि ती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती, कार्यक्रमपत्रिकेत त्या वेळी मोमेंटोची देवाणघेवाण होती. तर माझं म्हणणं, करारात मेडिकल दुभाषाचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा. हे कोणी लिहीत नाही. हॉल, हार, शाल, मोमेंटो यांचा खर्च असतो, भाषेचा नसतो. हनोईत एक नवं खाजगी विद्यापीठ आहे, विनयुनि, २०२० पासून तिथे नर्सिंग इंग्रजीत शिकवतात, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मदतीने, ते सोडलं तर इंग्रजीवर विसंबून सरकारी वॉर्डात पाऊल टाकता येणार नाही.

आणि वेळेचं पण भान ठेवा जरा. त्यांचं काम सकाळी लवकर सुरू होतं आणि साडेअकराच्या पुढे दुपारचा आराम, ऑफिसातसुद्धा लोक चक्क आडवे होतात, दीड-दोनला पुन्हा ताजेतवाने हजर. आमचं शिष्टमंडळ एका ठिकाणी बाराच्या ठोक्याला पोचलं, कारण सकाळी नाश्त्याला शाकाहारी काय मिळेल यावर चर्चासत्र झालं होतं. (मिळतं, भरपूर मिळतं, तिथे पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास कितीतरी लोक स्वतः शाकाहार पाळतात, तशी खास हॉटेलं पण आहेत, विचारलं असतं तर.)

एक जुनी गोष्ट मध्येच सांगते, विषय सोडून वाटेल पण सोडून नाहीये. हनोईच्या त्या १९०२ च्या कॉलेजचे पहिले प्रमुख म्हणजे अलेक्झांडर येर्सिन, १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणारे. फ्रेंच गेले, रस्त्यांची फ्रेंच नावं बदलली, पण येर्सिन यांचं नाव त्यांनी अजून ठेवलंय, न्हा ट्रांगजवळ त्यांची समाधी आहे. हेच येर्सिन १८९७ मध्ये त्यांची प्लेगची लस, म्हणजे खरं तर सीरम, घेऊन मुंबईला आले होते, त्याचा फारसा उपयोग झाला नाही तो भाग वेगळा. आणि त्याच १८९७ च्या मार्चमध्ये इकडे पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. आमच्या एका सत्कार समारंभात दोन्ही देशांच्या हजारो वर्षांच्या संबंधांवर बरंच भाषण झालं, बुद्ध झाले, चंपाचं तिथलं जुनं हिंदू राज्य झालं, आपल्याच विषयातलं हे नातं कोणाला ठाऊक नव्हतं. मी तिथल्या ट्यूटरना सांगितलं तेव्हा त्यांनी सावित्रीबाईंचं नाव लिहून घेतलं, फोटो पण मागितला, पुढच्या वर्गात दाखवते म्हणाल्या.

बरं आता थोडं कडू. या करारांच्या मागे खरा डोळा कशावर असतो ते आपण बोलत नाही. एक, जर्मनी-जपान. व्हिएतनामी नर्सना जर्मनीत वृद्धसेवेसाठी पाठवायचा कार्यक्रम २०१२ च्या सुमारास सुरू झालाय, जपानशी सरकारी करारातून २०१४ पासून मुली जातात आणि त्यांना जायच्या आधी मायदेशातच वर्षभर जपानी शिकवून एन-थ्री ही भाषेची परीक्षा पास करून घेतात, म्हणून तिकडे गेल्यावर त्या टिकतात. महाराष्ट्राने पण २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्स आहेतच. म्हणजे आपल्या मुली आणि त्यांच्या मुली एकाच दारात रांगेत उभ्या आहेत. मग हे वर्षभर भाषा शिकवायचं गणित ते कसं जमवतात, पैसे कोण देतं, मुलीकडून बॉन्ड घेतात का, मध्ये एजंट किती खातो, हे त्यांच्याकडून समजून घेण्यासारखं आहे. आणि एक लक्षात ठेवा, व्हिएतनाम स्वतः झपाट्याने म्हातारा होतोय, २०३६ च्या आसपास तो वृद्धांचा देश म्हणून गणला जाईल असा अंदाज आहे, तेव्हा त्यांच्या नर्स त्यांनाच लागणार. तिथल्या मेट्रनबाई हसत म्हणाल्या आमच्या पोरी जपानच्या आजींना आंघोळ घालतात आणि आमच्या आजींना कोण घालणार. आमच्या मंडळींनी ते पण विनोद म्हणूनच घेतलं.

दोन, एमबीबीएस. नर्सिंगच्या नावाने दौरा आणि परत येताना खिशात एमबीबीएसच्या सीटचं रेटकार्ड, हे मी बघितलंय. पालकांनो, तिथे मुलांना पाठवायला माझी ना नाही, पण एनएमसीचे, म्हणजे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम वाचा, कोर्स किमान ५४ महिन्यांचा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिक्षण इंग्रजीत, आणि त्या देशात प्रॅक्टिस करायला लायसन मिळू शकेल असं ते शिक्षण पाहिजे. आता त्यांचा नवा कायदा म्हणतो की तिथे पेशंट बघायचे तर व्हिएतनामी भाषा आली पाहिजे. वर्ग इंग्रजीत आणि पेशंट व्हिएतनामीत, मग तुमचा मुलगा पेशंटची हिस्ट्री कोणत्या भाषेत घेणार, हा प्रश्न एजंटला विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

मला विचाराल तर सुरुवात लहान करा. एक हॉस्पिटल, एक कॉलेज, दोन्हीकडच्या ट्यूटर एका सत्रासाठी अदलाबदल, त्या वॉर्डातच उभ्या राहतील, भाषणाला नाही. त्यांच्याकडून नातेवाइकांना शिकवण्याची पद्धत घ्या, गावपातळीवरच्या त्यांच्या आरोग्य केंद्रांचं काम बघा, लोकसंख्या दहा कोटी आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना आरोग्य विमा आहे, तो विमा खालच्या केंद्रापर्यंत कसा चालतो ते बघा. आपण त्यांना देण्यासारखं पण आहे की, आपल्याकडे एमएस्सी नर्सिंग आणि पीएचडी जुनी आहे, क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स आहे, त्यांच्याकडे या वरच्या पायऱ्या अजून थोड्याच ठिकाणी आहेत, आणि आपली आशा ताई गावात काय काय करते ते ऐकून तिथल्या बायका थक्क झाल्या होत्या. इंग्रजी नर्सिंग परिभाषा शिकवायला आपल्या रिटायर्ड सिस्टर आनंदाने जातील, त्यांना घरात कोणी ऐकून घेत नाही तर तिकडे वर्गभर मुली ऐकतील.

आणि शिष्टमंडळात निम्म्या जागा नर्सना ठेवा. मानाच्या नाहीत, मतदानाच्या. आमच्या परतीच्या बैठकीत अहवाल ट्रस्टींनी लिहिला, मला प्रूफ तपासायला दिला, त्यात कॅम्पस, हॉस्टेल, लॅबमधल्या डमींची संख्या सगळं होतं, पेशंट हा शब्द शोधून सापडला नाही. मी समासात लिहून पाठवलंय, अजून उत्तर आलेलं नाही.

तोवर आपल्या पेपरला एक विनंती, पुढच्या वेळी असा करार झाला की झेंड्यांचा फोटो छापायला हरकत नाही, पण बातमीदाराला चार प्रश्न विचारायला सांगा, मुली पेशंटजवळ किती तास उभ्या राहणार, कोणत्या हॉस्पिटलने लेखी होकार दिलाय, दुभाषाचे पैसे कोण देणार, आणि तिथलं सर्टिफिकेट आपल्या कौन्सिलला चालणार का. उत्तरं मिळाली तर ती पण छापा, नाही मिळाली तर तसं छापा.

आपली नियमित वाचक,
एक नर्सिंग ट्यूटर
(नोकरीत असल्याने नाव आणि गाव छापू नये ही विनंती)